आधी भरती विचारा, मग बुकिंग करा: तारकर्ली-मालवणला पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, पॅकेज कितीला?" मग एसी, मग गरम पाणी, मग सुरमई. भरती किती वाजताची आहे, असं घाटावरचा एखादाच पाहुणा विचारतो. देवबागात माझ्या सासरी राहायच्या खोल्या आहेत, दिराची बोट आहे आणि माहेर मालवणच्या बंदराजवळ. त्यामुळे जे रोज फोनवर सांगावं लागतं ते इथे एकदाच सविस्तर लिहिते. इथे दिवस घड्याळावर बेतलात तर निम्मं राहून जातं. पाण्यावर बेतलात तर दोन दिवसांत निवांत होतं.

आधी जागा समजून घ्या. मालवण हे गाव आणि बंदर, समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला. तिथून दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली आणि त्याच्याही पुढे देवबाग. देवबाग म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी: एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. काही घरांच्या पुढच्या दारी लाटा, तर मागच्या दारी होडी बांधलेली. हे सगळं सांगायचं कारण असं, की पाण्यातला प्रत्येक खेळ वेगळ्या पाण्यात चालतो. पोहणं आणि नुसतं लाटांत खेळणं तारकर्लीच्या उघड्या किनाऱ्यावर. बनाना आणि बंपर (बोटीमागे ओढले जाणारे हवेचे तराफे), जेट स्की, कयाक हे खाडीत आणि संगमाजवळ. स्कूबा मालवणसमोर, किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकाळ तळावर. या तिन्ही ठिकाणांची चांगली वेळ एक नसते.

कधी यावं

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी बोटी आणि जलक्रीडा यांना बंदी असते. किल्ल्याची होडीही त्यातच येते. जुलैत येऊन "एखादी बोट बघा ना, जरा जास्त देऊ" असं म्हणू नका. जो हो म्हणेल त्याच्या बोटीत तर मुळीच बसू नका.

कागदावर सप्टेंबरपासून सगळं सुरू होतं, पण पावसाने ढवळलेलं पाणी निवळायला वेळ लागतो. दिवाळी झाली की बरं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पाणी सगळ्यात चांगलं. त्यातही २४ डिसेंबर ते २ जानेवारी टाळता आलं तर टाळा. तारकर्ली-देवबागचा रस्ता अरुंद, दोन्हीकडे माडाच्या बागा नि गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. समोरून एक मोठी बस आली की मागे अर्धं गाव अडकतं. जानेवारीतल्या साध्या मंगळवारी तोच किनारा जवळजवळ तुमच्या एकट्याचा असतो.

मे महिन्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. शाळांना सुट्टी असते म्हणून गर्दी होते, पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात समुद्राचा स्वभाव बदलायला लागतो. वारा वाढतो, लाट उंच होते. २०२२ च्या मे महिन्यात, बंदीच्या तारखेला दोनच दिवस उरलेले असताना, स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून आमच्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात येणाऱ्यांना मी म्हणते, आंबे खा, फणस खा, पाण्यात गुडघ्यापर्यंत जा.

भरतीचा हिशोब

ॲप आहेत, त्यात मालवणची भरती-ओहोटी मिळते. पण माझे सासरे ॲपशिवाय सांगतात आणि त्यांचा हिशोब तुम्हालाही जमेल. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. तिच्या आधी आणि नंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला. दशमीला भरती साडेसातला, ओहोटी दीडच्या आसपास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. बोट ठरवायला एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते आणि मधल्या वेळात पाणी जोरात ओढतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी, ओढ कमी आणि तळचा गाळही कमी ढवळलेला. स्कूबासाठी तारीख निवडायची मोकळीक असेल तर अष्टमीच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवस धरा. लोक मात्र पौर्णिमेचा वीकेंड बघून येतात, चांदणं छान पडतं म्हणून. चांदणं पडतं, पण पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. हलका, समुद्र ताटासारखा सपाट. अकरा-बाराच्या पुढे वारा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो आणि दुपारी तीनपर्यंत पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे दिसतात. म्हणून बोटीतून लांब जायचं, डॉल्फिन बघायचे, स्कूबा करायचं ते सकाळी. दुपारी खाडीत जायचं, तिथे वाऱ्याचा त्रास कमी.

स्कूबा: पोहता येत नसलं तरी

नेहमीची शंका हीच: पोहता येत नाही, चालेल का? चालतं. इथे पर्यटकांना जे करवतात ते पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठीचं असतं. तुमच्यासोबत एक प्रशिक्षित डायव्हर, तो तुमची टाकी धरून असतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा. खोली फार नाही, काही मीटरची. ज्यांना रीतसर शिकून प्रमाणपत्र घ्यायचंय त्यांच्यासाठी तारकर्लीलाच एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा संस्था आहे, तिथे आधी तलावात शिकवतात. चार दिवस हाताशी असतील तर तो रस्ता उत्तम.

एक दिवसवाल्यांनी हे लक्षात ठेवा. आदल्या रात्री दारू नको. सकाळी पोटभर घावणे-चटणी खाऊन जाऊ नका. केळं, चहा, बस. बोट नांगरलेली असताना जी डुलते ती चालत्या बोटीपेक्षा वाईट. मळमळ होणाऱ्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यावी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. सर्दी झाली असेल, कान दुखत असेल, दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, दिवस गेलेले असतील तर उतरू नका. फॉर्ममध्ये सगळ्याला "नाही" लिहून सही करणारे बरेच असतात. तो फॉर्म तुमच्यासाठी आहे, बोटवाल्यासाठी नाही.

मोठी बोट किल्ल्याजवळ नांगरलेली असते. तिच्या शिडीवरून उतरून आधी पाण्यात दांडा धरून उभं राहायचं, चष्म्यासारखा मास्क लावायचा. यात नाकही आत बंद होतं आणि इथेच निम्मे लोक घाबरतात, कारण आपल्याला जन्मभर नाकाने श्वास घ्यायची सवय. तोंडातली नळी दातांनी हलकी धरा, ओठ मिटा, तोंडाने घ्या, तोंडानेच सोडा. सोडताना बुडबुड आवाज आला म्हणजे बरोबर चाललंय. चेहरा पाण्यात घालून असे वीस-पंचवीस श्वास होईपर्यंत खाली जायची घाई करू नका आणि कोणाला करूही देऊ नका. डायव्हर घाई करायला लागला तर सरळ सांगा, अजून थोडं थांबू. मास्कच्या कडेला केस अडकले की पाणी आत येतं. बायकांनी केस घट्ट मागे बांधावेत, मिशीवाल्यांनी वरच्या कडेला थोडं व्हॅसलिन लावावं.

खाली जाताना कानावर दाब येतो. नाक मास्कवरून चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान "टक्" करून मोकळा होतो. हे दुखायच्या आधी करायचं, दर थोड्या अंतरावर. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. आणि खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की "ठीक आहे". नुसता अंगठा वर केला की त्याचा अर्थ "मला वर न्या". व्हॉट्सॲपच्या सवयीने लोक खाली आनंदाने अंगठा दाखवतात आणि डायव्हर त्यांना निमूटपणे वर घेऊन येतो. पैसे परत मिळत नाहीत.

खाली खडकावरचं प्रवाळ, पोपटमासे, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे दिसतात. चार-पाच मीटर स्वच्छ दिसलं तर दिवस चांगला. फोनवर बघितलेले निळ्याशार पाण्याचे व्हिडिओ अंदमानचे असतात, त्याच्याशी तुलना करू नका. इथलं पाणी हिरवट आहे. मालवणचा हा भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर पाय टेकवू नका, हात लावू नका. व्हिडिओत मासे जमावेत म्हणून ब्रेड किंवा बिस्कीट सोडतात, ते नको म्हणून आधीच सांगा. तुम्ही पाहुणे सांगितलंत तर ऐकतात. आम्ही गाववाल्यांनी सांगितलं तर भांडण होतं.

त्याच दिवशी चिपी किंवा मोपाहून विमान पकडायचं असेल तर स्कूबा करू नका. एका डाइव्हनंतर निदान बारा तास विमानात बसायचं नसतं. स्कूबा पहिल्या दिवशी, परतीच्या दिवशी किनारा.

खाडी, संगम आणि त्सुनामी आयलंड

देवबागच्या खाडीत, संगमाजवळ, वाळूचं एक बेट आहे. त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. भरतीला ते जवळजवळ पूर्ण पाण्याखाली असतं, ओहोटीला वर येतं. आता वरचा हिशोब आठवा: पौर्णिमा ही पंधरावी तिथी, म्हणून भरती सव्वाअकराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी पाच-साडेपाचला, म्हणजे सकाळी अकराला गेलात तर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फोटो काढाल. लहान मुलं बरोबर असतील तर ओहोटीच्या एक तास आधी पोचा.

बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात, तीच तर मजा. पण ज्यांना नको असेल त्यांनी बसण्याआधी सांगायचं. बसल्यावर ओरडून सांगितलेलं हसण्यावारी जातं. चष्म्याला दोरी लावा, गळ्यातलं, कानातलं खोलीवर ठेवा. मंगळसूत्र खाडीत गेलं की गेलं. दर मोसमात एखादी सूनबाई रडत येते आणि तिची सासू न रडता येते, ते जास्त अवघड. पाठीचं दुखणं असेल तर बंपर नको, त्यात प्रत्येक लाट कमरेत बसते. जेट स्कीवर चालक मागे किंवा पुढे असतोच, एकट्याला देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पॅरासेलिंग वाऱ्यावर आहे. बोटवाला आज नको म्हणाला तर त्याचे आभार माना.

लाइफ जॅकेट तपासायची सोपी रीत: घालून सगळ्या चिमट्या लावा, मग दुसऱ्याला खांद्यावर धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट आवळून घालतात, ते पाण्यात डोक्यावरून निघतं. मुलाच्या मापाचं मागा, नसेल तर थांबा. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसांची परवानगी ते रंगवलेलं असतं. मोजा. मेरिटाइम बोर्डाचा परवाना दाखवा म्हणायला लाजू नका, ज्याच्याकडे आहे तो लगेच दाखवतो.

दर मी इथे लिहीत नाही, कारण वीकेंडचा आणि बुधवारचा दर एक नसतो. विचारताना मात्र सुटं सुटं विचारा: बोटीचे वेगळे का, फोटो-व्हिडिओ धरून का, पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं, बेटावर किती वेळ थांबणार. "पाच गेम" म्हणतात तेव्हा त्यातला एक पाच मिनिटांची स्पीड बोट असते.

संगमावर पोहू नका. लिहिलेलं असो वा नसो. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर पडताना पट्टीचा पोहणाराही तिथे मागे येत नाही. तारकर्लीच्या किनाऱ्यावर पोहताना ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झटू नका, किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला व्हा आणि मग या. उथळ पाण्यात वाळूत पाकट नावाचा चपटा मासा बसलेला असतो, त्याच्या शेपटीला काटा असतो. पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत चाला, तो आपण होऊन सरकतो.

शांत काही हवं असेल तर सकाळी सातला कयाक घेऊन खाडीत वर जा, कांदळवनाच्या कडेने. माझ्या मते देवबागातला सगळ्यात चांगला तास तोच. पाहुणे मात्र तेव्हा झोपलेले असतात.

बंदर आणि किल्ला

किल्ल्याची होडी मालवण जेटीवरून सुटते. दहा-पंधरा मिनिटांत पोचवते आणि साधारण तासाभराने त्याच होडीने परत यायचं असतं. हा एक तास पुरत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. अठ्ठेचाळीस एकरांचा पसारा आहे. शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेले हाताचे नि पायाचे ठसे, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. सगळं बघायचं तर चढत्या उन्हात नको. पहिल्या होड्यांपैकी एकीने जा आणि जास्त वेळ हवा असेल तर चढण्याआधी तांडेलाशी, म्हणजे होडीच्या प्रमुखाशी, बोला. २०२५ पासून किल्ला जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेव्हा गर्दी वाढतच जाणार. स्कूबा आणि किल्ला एकाच सकाळी जमतात, पण आधी स्कूबा.

संध्याकाळी चारनंतर पुन्हा बंदरावर या. मच्छीमारांच्या होड्या लागतात, वाळूवर टोपल्या ओतल्या जातात आणि लिलाव सुरू होतो. बोली इतकी भराभर की नवख्याला आकडा कळेपर्यंत मासे उचललेले असतात. त्या घोळक्यात घुसून फोटो काढू नका, तिथे लोकांचं पोट चाललेलं असतं. बाजूला ज्या बायका वाटे लावून बसतात त्यांच्याकडून घ्या. सुरमईचे कल्ले लाल, डोळा उजळ आणि बोट दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. मोठ्या सुरमईच्या मागे सगळे लागतात. मी म्हणेन मुडदुशे किंवा पेडवे घ्या, स्वस्त आणि चवीला सरस. बांगडा घेतलात तर तिरफळ घालून करायला सांगा. घरगुती जेवणवाले तुम्ही आणलेले मासे करून देतात, पण त्यांना दुपारीच सांगून ठेवावं लागतं. रात्री आठला पिशवी घेऊन दारात उभे राहिलात तर वहिनींचा चेहरा तुम्हीच बघा. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी मिळते, मोसमात ओल्या काजूची उसळही.

कधी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर दोरीला हात लावायला हरकत नाही, रापणकर हसून जागा देतात. दोरी ओलांडू नका आणि अनवाणी असाल तर टाकून दिलेल्या शिंगाळा माशावर पाय पडू देऊ नका, त्याचा काटा दोन दिवस झोपू देत नाही.

यायचं कसं

रेल्वेने कुडाळला उतरा, मांडवी, कोकणकन्या, तुतारी सगळ्या थांबतात. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर, एसटी आहे, रिक्षाही येतात. मालवण स्टँडवरून तारकर्ली-देवबागची गाडी मिळते, पण शेवटच्या गाडीची वेळ आल्या आल्या विचारून ठेवा. कोल्हापूरकडून फोंडा घाटाने. मुंबईहून हायवेने आलात तर कसालला उजवीकडे वळायचं. दुसरी बॅग नाही आणली तरी चालेल, पण एक जुना टॉवेल, बदलायचे कपडे आणि पायाला मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात. साध्या स्लिपरा बोटीतून उतरताना चिखलात राहतात.

मासे घरी न्यायचे असतील तर निघायच्या सकाळी साफ करून घ्या, तुकडे करू नका, अख्खेच थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचे थर देऊन भरा. बर्फ बंदराजवळ मिळतो. खोक्याच्या झाकणाला टेप दोनदा फिरवा, खाली जाड प्लास्टिक घाला. नाहीतर कणकवली यायच्या आत पाणी समोरच्या सीटखाली पोचतं आणि मुंबईपर्यंत त्या माणसाशी गोड बोलत बसावं लागतं.